अकरा पूर्णांक सहा

जूनमध्ये दूध संस्थेची गाडी एका लिटर पेट्रोलमध्ये सरासरी अकरा पूर्णांक सहा किलोमीटर गेली. जुलैमध्ये तीच गाडी, त्याच रस्त्यांवर, त्याच पंपाच्या पेट्रोलवर, नऊ पूर्णांक दोन किलोमीटर गेली.

एक जुलैला गाथोगोने गाडीची किल्ली किरागूच्या हातात दिली होती.

गाडी म्हणजे एक पांढरी स्टेशन-वॅगन. मागच्या भागात द्रव नायट्रोजनचा डबा पट्ट्यांनी बांधलेला असे आणि त्यात जातिवंत वळूंचे गोठवलेले बीज. पुढे चालकाशेजारी न्योकाबी, संस्थेची कृत्रिम रेतन तंत्रज्ञ. विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला, उंच आणि गार किनांगोपच्या पठारावर कुणाचीही गाय माजावर आली की गाडी तिथे पोचायची. नऊ वर्षे ती गाथोगोने चालवली होती. लोक गाडीलाच ‘गाथोगो’ म्हणत. ‘गाथोगो येतोय, गाय बांधा’ असे ओरडत पोरे पुढे पळत, आणि पठारावरची निम्मी वासरे गाथोगोची आहेत हा विनोद इतका जुना झाला होता की त्यावर आता कुणी हसत नसे. गाथोगोने तो कधी नाकारलाही नव्हता.

मग जूनमध्ये कार्यकारिणीने ठरवले की गाडीवर प्रशिक्षणाचा दाखला असलेला चालक हवा. छप्पन्न वर्षांच्या गाथोगोला दुधाची लॉरी मिळाली. पगार तोच, वाहन तिप्पट मोठे. ही बढती आहे असे त्याला सगळ्यांनी सांगितले, आणि ज्या अर्थी सगळ्यांना ते सांगावे लागले त्या अर्थी ती नव्हती.

सकाळी लॉरी दूध मोजण्याच्या ओट्याला लागे. तिथून गाडी वीस पावलांवर उभी असे. कॅन चढवले जात असताना गाथोगोला दुसरे काही काम नसे, म्हणून तो बघे. किरागू एकतीस वर्षांचा होता. न्येरीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्याने शिकवण्याचे काम केले होते. तो गाडी रोज धुवायचा. शेणातून फिरून आलेली गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा शेणातच जाणार हे ठाऊक असूनही धुवायचा. जाळी, चाकांच्या कमानी, दारांच्या कडा, सगळे. त्याचे गमबूटसुद्धा स्वच्छ असत. गाथोगोच्या मते स्वच्छ गमबूट हा स्वभावातला दोष होता.

पहिल्याच आठवड्यात किरागूने सीट चार बोटे मागे सरकवली. दुसऱ्या आठवड्यात गाथोगोच्या बायकोने विणलेले सीटचे आच्छादन धुऊन, घडी करून, पिशवीत घालून परत दिले. “म्झे, मामा न्याविरांनी एवढ्या मेहनतीने विणलंय, खराब व्हायला नको,” असे म्हणाला. पठारावर वडीलधारा म्हणजे ‘म्झे’, आणि मुलगी न्याविरा म्हणून तिची आई ‘मामा न्याविरा’, बाप ‘बाबा न्याविरा’. यात अपमान नेमका कुठे होता ते गाथोगोला दाखवता आले नसते. पण होता.

आणि न्योकाबी हसली. गाडी फाटकातून बाहेर पडताना किरागू काहीतरी बोलला आणि न्योकाबी मान मागे टाकून हसली. नऊ वर्षे ती गाथोगोच्या शेजारी बसली होती. त्या काळात ती गायींबद्दल, रस्त्यांबद्दल आणि एकदा आपल्या आईच्या गुडघ्याबद्दल बोलली होती. तिला हसता येत नाही, असा गाथोगोचा समज होता.

“काय बघता हो रोज त्या गाडीकडे?” बायकोने घरी विचारले. बटाटा-मक्याच्या मुकिमोचा गोळा त्याच्या ताटात तसाच होता.

“कुठे बघतो?”

“लॉरीवरचा पोऱ्यासुद्धा सांगतो मला. तुमच्या बापाला दोन बायका होत्या, तुम्हाला मी एकटी; मला वाटलं सुटले. पण सवत नशिबात असली की चार चाकांवरसुद्धा येते.”

“गप जेव.”

“मी जेवतेच आहे. उपाशी तुम्ही आहात. ती मात्र म्हणे आता जास्त पिते!”

ही बातमी अशी त्याच्या घरात आधीच पोचली होती. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष मुरीगींनी त्याला बोलावले. समोर गाडीची नोंदवही होती. न्योकाबी एका बाजूला चहा घेऊन बसली होती.

“गाथोगो, हे बघ. अकरा पूर्णांक सहावरून नऊ पूर्णांक दोन. पाचवा हिस्सा पेट्रोल हवेत गेलं. तू सांग, का?”

“मी आता दूध वाहतो. मला काय माहीत?”

“नाक मुरडू नकोस. ती गाडी तुझ्याइतकी कुणाला कळत नाही. मला एकच सांगायचंय. दोष पोराच्या पायात असेल, किंवा त्याच्या दानतीत असेल, तर तसं दाखवून दे. गाडी सोमवारपासून परत तुझी. कार्यकारिणीला मी बघतो.”

गाथोगोला आनंद झाला. तो चेहऱ्यावर येऊ न देण्याइतका शहाणपणा त्याच्याकडे होता.

“जुलै होता,” न्योकाबी म्हणाली. “थंडीत सगळ्याच गाड्या थोडं जास्त पितात.”

“बघ, ही त्याची बाजू घेते,” गाथोगो म्हणाला.

“मी कुणाची बाजू घेत नाही, बाबा न्याविरा. मागच्या जुलैचं पान काढलं मी. अकरा पूर्णांक चार आहे. म्हणजे थंडीही नाही. तुम्हीच चालवत होतात तेव्हा.”

ते ऐकून गाथोगोला आणखी आनंद झाला.

त्याने कामाला व्यवस्थित हात घातला. मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणतात. गाथोगोला त्याने काटेकोर केले. त्याला किरागूला पकडायचे होते, आणि ढिसाळ पुराव्यावर पकडलेला माणूस सुटतो हे त्याला माहीत होते. प्रथम चोरीची शक्यता. त्याने पंपावर टाकी काठोकाठ भरली, झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही केली आणि किरागूला दिवसभराच्या फेरीवर पाठवले. संध्याकाळी पट्टी शाबूत होती. टाकीच्या तळाचा बोल्टही धुळीने माखलेला, न हललेला. त्याच पंपावर, त्याच नळीने, पहिला खटका वाजेपर्यंत पेट्रोल भरले. नऊ पूर्णांक एक. पेट्रोल इंजिनातच गेले होते.

राहिला पाय. दुसऱ्या दिवशी लॉरी किरागूला देऊन गाथोगो स्वतः गाडीत बसला. त्याने सीट चार बोटे पुढे घेतली. न्योकाबी शेजारी बसली. तिने लोकरीच्या मोज्यांच्या दोन जोड्या एकावर एक घातल्या होत्या. आरशाचा तो उडालेला कोपरा, स्टिअरिंगवर उजव्या हाताखाली ती खाच, चढावर तिसऱ्या गिअरला येणारा तो ओळखीचा घोगरा आवाज. म्वांगीच्या वळणावर एका म्हातारीने हात केला आणि ओरडली, “अरे, खरा गाथोगो आला!” त्या क्षणी त्याला सोमवार हातात आल्यासारखा वाटला. अठ्ठ्याण्णव किलोमीटर त्याने गाडी अशी चालवली की कपात चहा असता तर सांडला नसता.

पंपावर नळीचा खटका वाजला तेव्हा न्योकाबीने वहीत आकडा लिहिला आणि वही त्याच्यापुढे धरली.

नऊ पूर्णांक दोन.

“तुमचा पायही त्याच्यासारखाच दिसतो,” ती म्हणाली.

संस्थेपर्यंतच्या चार किलोमीटरमध्ये गाथोगोने नवी बाजू बांधली. पाय निर्दोष असेल, पण गाडी तर बिघडली होती, आणि ती किरागूच्या हातात बिघडली होती. निष्काळजीपणा हादेखील दोषच.

रविवारी त्याने गाडी आवारात घेतली. किरागू न बोलावता आला आणि पाने हातात देत उभा राहिला. टायरांतली हवा बरोबर होती. चारही चाकांत बत्तीस. गाथोगोच्या काळात ती अठ्ठावीसच्या आसपास असे, कारण मऊ टायर शेताच्या रस्त्यावर बरे चालतात असे त्याचे मत होते. त्याने चाके एकेक करून उचलली आणि हाताने फिरवली; ब्रेक कुठेही धरत नव्हता. हवेची गाळणी नवी होती.

“ही कधी घातलीस?”

“आल्या आल्या, म्झे. आधीची...” किरागू थांबला.

“आधीची काय?”

“आधीचीत उंदराने घर केलं होतं.”

न्योकाबी ओट्यावर बसून वही चाळत होती. तिने वही थोडी वर, तोंडापुढे धरली.

प्रत्येक तपासणीत गाथोगोला हवा असलेला दोष मिळत नव्हता, आणि नको असलेली तुलना मिळत होती. त्याने स्पार्क प्लग काढले. चारही काळे, मऊ काजळीने भरलेले. हा पहिला खरा पुरावा होता. एक प्लग काळा असता तर त्या एका सिलिंडरचा दोष; चारही सारखेच काळे, म्हणजे इंजिनाला सगळीकडेच गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळत होते. पेट्रोल चोरीला जात नव्हते, सांडत नव्हते. इंजिनच ते मागत होते.

“का मागतं?” न्योकाबीने विचारले.

“तेच बघतोय.”

“आणि हीटरचंही बघा. नऊ वर्षं पाय उबेत होते माझे. महिनाभर नुसता गार वारा येतो.”

“मी नळ्या तपासल्या,” किरागू म्हणाला. “हीटरमध्ये पाणी फिरतं. पण पाणीच धड गरम नसतं. आणि तापमानाचा काटा तर हलतच नाही.”

काटा चार वर्षांपूर्वी मेला होता. कधीच न तापणाऱ्या गाडीला काटा कशाला, म्हणून गाथोगोने तो तसाच ठेवला होता.

“एक जुलैला तू गाडीचं काय काय बदललंस?” त्याने विचारले. “एकूण एक सांग. खोटं बोललास तर मला कळेल.”

“गाळणी. हवा. सीट. आच्छादन तुम्हाला दिलं. गाडी धुतली. जाळीमागे कसलंसं पुठ्ठ्याचं खोकं अडकलं होतं, वनस्पती तुपाचं, चिखलाने माखलेलं, ते काढून टाकलं. वायपर...”

“थांब.”

गाथोगोने पाना खाली ठेवला. खोके अडकले नव्हते. ते त्याने बसवले होते. रेडिएटरच्या मापाचे कापून, जाळीमागे, तारेने, म्हणजे गार वारा अडून हीटर गरम राही. एक कुजले की दुसरे. न्योकाबीचे पाय थंडीत बधिर होतात आणि मग तिला गायीच्या गोठ्यात नीट उभे राहता येत नाही, म्हणून. तिला त्याने ते कधी सांगितले नव्हते. सांगण्यासारखे काय होते?

“ते खोकं माझं होतं.”

“अरेरे! म्झे, मला वाटलं कचरा.”

सोमवार पुन्हा हाताशी आला. बदल सापडला होता, तारीख जुळत होती, आणि हात किरागूचा होता. गाथोगोने मनात वाक्य तयार केले: नव्या चालकाने जुन्या चालकाने बसवलेली वस्तू न विचारता फेकली, त्यामुळे पेट्रोल वाढले. वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. अध्यक्षांना एवढे पुरले असते.

“पण एक कळत नाही,” न्योकाबी म्हणाली. “चेअरमनच्या गाडीला खोकं आहे का?”

“नाही.”

“पशुवैद्याच्या?”

“नाही.”

“मग हिलाच का लागतं?”

किरागूने इंजिन सुरू केले, बॉनेटखाली वाकला आणि रेडिएटरकडे जाणारी वरची रबरी नळी मुठीत धरली. तो इंजिनाचा आवाज ऐकत तसाच उभा राहिला. ज्या तऱ्हेने तो उभा होता ती गाथोगोला आवडली नाही. ती त्याची स्वतःची तऱ्हा होती.

“म्झे, दोनच मिनिटं झाली. ही आत्ताच कोमट लागते. गार राहायला हवी होती ना? आधी बराच वेळ गार, आणि मग एकदम कढत?”

“हात काढ तिथून,” गाथोगो म्हणाला.

त्याने इंजिन बंद केले. दूध तपासणीच्या खोलीतून तो लांब काचेचा थर्मामीटर घेऊन आला, जो पाश्चरायझेशनसाठी वापरतात. मग किरागूला आवारातच सोडून तो न्योकाबीबरोबर अठरा किलोमीटर जाऊन आला. त्या सकाळी पठारावर दंव गोठले होते आणि रस्त्याकडेच्या बटाट्यांची पाने काळी पडली होती. परत आल्यावर त्याने रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवून पाहिला, झाकण सावकाश उघडले आणि थर्मामीटर आत सोडला.

“बावन्न,” न्योकाबीने वाचले. “एवढ्यावर तर दूधसुद्धा निर्जंतुक होत नाही.”

इंजिनाचे पाणी ऐंशीच्या वर असायला हवे. किती पेट्रोल सोडायचे ते ठरवणारे यंत्र पाण्याचे तापमान पाहते. पाणी थंड असेल तर इंजिन नुकतेच सुरू झाले आहे असे ते धरते आणि जादा पेट्रोल देते. ही गाडी महिनाभर, दिवसाचे आठ तास, नुकतीच सुरू झालेली होती.

आता कुठे बघायचे ते गाथोगोला ठाऊक होते. खरे तर खोक्याचे नाव निघाले तेव्हापासूनच ठाऊक होते. तो फक्त तिकडे जाण्याचे टाळत होता. वरची नळी इंजिनाला जिथे मिळते तिथे दोन बोल्टांनी बसवलेले एक टोपण असते. त्याखाली थर्मोस्टॅट बसतो: पितळी झडप, पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवते, तापले की उघडते. किरागू त्या टोपणाकडेच बघत होता. त्याच्या हातात दहा नंबरचा पाना होता.

सात वर्षांपूर्वी, दुष्काळाच्या साली, गुरांच्या लसी घेऊन गाडी महिनाभर इसिओलोला गेली होती. तिथल्या वाळूत ती तिसऱ्या दिवशी तापली. रस्त्याकडेच्या फुंडीने, म्हणजे गाड्यांच्या मिस्त्रीने, बॉनेटखाली पाहून जे सांगितले ते देशातला प्रत्येक चालक दुसऱ्या चालकाला सांगतो: “ही झडप गोऱ्यांच्या बर्फासाठी असते. आपल्या उन्हाला तिची काय गरज? काढून टाक, जन्मात तापणार नाही.” फुंडीचे हात दुसऱ्या इंजिनात होते. पाना गाथोगोच्या हातात होता. झडप त्याने वाळूत फेकली, आणि गाडी खरेच पुन्हा कधी तापली नाही. किनांगोपला परतल्यावर हीटर गार पडला. तेव्हा त्याने खोके कापले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्याने सात वर्षे तपासले नव्हते. उन्हाच्या देशात आपण नऊ हजार फुटांवर राहतो, हेही नाही.

“उघडू का, म्झे?” किरागूने विचारले.

उत्तर ‘नको’ असे असते, तर किरागूने ते आज ऐकले असते. पण उद्या गाडी धुताना त्याचा हात पुन्हा त्या नळीवर गेला असता. परवा त्याने दोन बोल्ट काढले असते, आणि गाडीच्या पोटातली ही गोष्ट त्याने शोधली असे झाले असते. पठारावर ते सांगितले गेले असते: नऊ वर्षांत गाथोगोला कळले नाही, पोराला पाच आठवड्यांत कळले. न्योकाबीने ते वहीत टिपले असते, आणि बहुधा हसली असती. गाडी जाणे गाथोगोला कदाचित सोसले असते. तिचे गुपित दुसऱ्याच्या नावावर जाणे सोसले नसते.

“पाना इकडे दे,” तो म्हणाला. “बाजूला हो. ही माझी गाडी आहे.”

“सोमवारपासून?” न्योकाबीने विचारले. तिच्या आवाजात या वेळी थट्टा नव्हती.

“आजच्या दिवसापुरती.”

त्याने दोन्ही बोल्ट काढले आणि टोपण उचलले. जागा रिकामी होती. पाण्याचा गंज सोडला तर तिथे काहीच नव्हते. किरागू वाकून बघायला आला, पण त्याने तोंड उघडण्यापूर्वी गाथोगोने सांगितले, “थर्मोस्टॅट नाही. मीच काढला. मला माहीत होतं.”

“मग आधी का नाही...” किरागूने सुरुवात केली. न्योकाबीने त्याच्याकडे पाहिले आणि तो थांबला.

तिने वही पुढे केली, पण पेन स्वतःजवळच ठेवले. “तुम्ही सांगा, मी लिहिते.”

“नको. माझ्या हाताने.”

ओट्यावर बसून, तेलाच्या बोटांनी पान मळणार नाही अशा बेताने, त्याने जुलैच्या आकड्याखाली लिहिले:

पेट्रोल वाढण्याचे कारण: इंजिनात थर्मोस्टॅट नाही. तो सात वर्षांपूर्वी इसिओलो येथे मी काढला. त्यानंतर जाळीमागे मी लावलेले खोके त्याचे काम काही अंशी करत होते. एक जुलै रोजी खोके निघाले, पाण्याचे तापमान बावन्न अंशांवर राहिले आणि इंजिन जादा पेट्रोल घेऊ लागले. नव्या चालकाचा दोष नाही. उपाय: नवा थर्मोस्टॅट बसवणे. खोके पुन्हा लावू नये. – गाथोगो, लॉरीचालक.